उस्ताद दगड निवडतात

आमच्या गल्लीत तीन खुर्च्यांचं एक केशकर्तनालय आहे आणि त्याच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव त्यांना कुणी दिलं याबद्दल दोन मतं आहेत. उस्तादांच्या मते ते गिऱ्हाइकांनी दिलं. गिऱ्हाइकांच्या मते दुकान उघडलं त्या दिवशीच ते पाटीवर रंगवलेलं होतं. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे आणि बावीस वर्षं मी तिथेच दाढी करून घेतो आहे, म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

हल्ली सगळीकडे दाढीला पत्तीचा वस्तरा असतो. पत्ती घालायची, दाढी करायची, पत्ती टाकून द्यायची. उस्तादांच्याच दुकानातला कारागीर, चाळिशी उलटलेला, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा माणूस, तोही पत्तीच वापरायचा. उस्ताद मात्र अखंड पोलादाचे, मिटून मुठीत ठेवायचे जुन्या घडणीचे वस्तरे चालवत. असे सहा होते त्यांच्याकडे. आणि त्यांची धार, खोटं कशाला बोलू, अशी होती की दाढी झाली हे गालावरून हात फिरवल्यावरच कळायचं. माणसं दोन बसगाड्या बदलून यायची.

तर उस्ताद धारेवर बोलत. फेस लावताना बोलत, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना बोलत आणि हनुवटीखाली आल्यावर तर विशेष बोलत, कारण तिथे समोरच्याला मान हलवता येत नाही. इतका आज्ञाधारक श्रोता कुठल्याच वक्त्याच्या नशिबी नसतो. धार दगडात नसते, बोटात असते. दगड माणूस ओळखतो. घाईच्या माणसाला दगड आपला चेहरा दाखवत नाही. अशी वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की झोपेतही म्हणून दाखवीन.

रोज दुपारी दोनला ते सहाही वस्तरे धोकटीत घालून घरी जात आणि चारला परत येत. त्या दोन तासांत ते दगडावर बसतात, असं आम्हांला सांगितलेलं होतं. त्या वेळात त्यांना हाक मारायची नाही, फोन करायचा नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांनी एकदा चुकून अडीचला फोन केला, तर वहिनींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, तो उचलून दबक्या आवाजात सांगितलं, "ते दगडावर आहेत." न्यायाधीशांनी माफी मागितली. हयातीत त्यांनी मागितलेली ती बहुधा एकमेव माफी असेल.

खरी गोष्ट अशी होती की उस्ताद त्या वेळी पलंगावर असत. जेवून, पंखा लावून, तोंड उघडं टाकून. दगडावर असत त्या वहिनी.

वहिनींचे वडील धार लावण्याचाच धंदा करायचे. कात्र्या, सुऱ्या, वस्तरे. त्यांना ही विद्या मुलाला द्यायची होती, पण मुलगा ओल्या दगडाशी बसला की शिंकायचा, मग निरुपायानं मुलीला दिली. मुलगी सासरी निघाली तेव्हा त्यांनी आपला दगड फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या पेटीत ठेवला. वीतभर लांबीचा, राखाडी, मध्येच हिरवट झाक असलेला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात उस्ताद त्यावर वस्तरा घासायला बसले होते. वहिनींनी घटकाभर पाहिलं, मग त्यांच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या." तेव्हापासून एकतीस वर्षं उस्ताद जेवून घेत होते.

वहिनींना याचं काही वाटायचं नाही, असं त्या म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

मग न्यायाधीशांना दगड पाहायची इच्छा झाली. ज्या दगडाबद्दल आपण इतकी वर्षं ऐकतो तो एकदा नजरेखालून जावा, असं ते म्हणाले. उस्तादांना नाही म्हणवेना. वहिनी दाढदुखीसाठी दवाखान्यात गेल्या होत्या ती संधी साधून ते घरून दगड घेऊन आले. मी तेव्हा दुकानातच होतो, गालाला फेस लावून बसलो होतो. उस्तादांनी फ्लॅनेल उलगडलं, दगड तळहातावर घेतला आणि खरा दगड कसा दोन बोटांवर तोलला जातो ते दाखवायला तो दोन बोटांवर ठेवला. दगड खुर्चीच्या पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीवर पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

कारागिरानं दिवसाच्या दहा शब्दांपैकी एकही खर्च केला नाही. शेवटी न्यायाधीश म्हणाले, हे माझ्यामुळे झालं असं होत नाही ना? उस्तादांनी त्यांना निर्दोष सोडलं. म्हणाले, "त्याचं आयुष्य संपलंच होतं. मला आठ दिवसांपासून जाणवत होतं."

घरी त्यांनी तुकडे फ्लॅनेलमध्ये बांधून ओट्यावर ठेवले आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. वहिनी दवाखान्यातून आल्या, गालात कापूस होता. त्यांनी पुरचुंडी सोडली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कापसामुळे ओरडताही आलं नसतं, असं त्या म्हणतात. एवढंच विचारलं, "कुणाला दाखवायला नेला होता?"

उस्ताद म्हणाले, "अगं दगडच तो. दुसरा आणू."

आता माणसानं एकतीस वर्षांत नेमकं काय शिकलं असा प्रश्न पडावा, असं ते वाक्य होतं. वहिनींनी पुरचुंडी पुन्हा बांधली. "आणा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणा. आणि तुम्हीच लावा धार. धारेतलं तुम्हांला कळतं असं सगळं गाव म्हणतं, गाव काय खोटं बोलेल?"

उस्ताद दुसऱ्या दिवशी अवजारांच्या दुकानात गेले. रुंद, लांबट दुकान आहे ते. पुढे खिळे-स्क्रूंचे खण, मागे करवती टांगलेल्या, आणि डाव्या हाताला काचेच्या कपाटात धारेचे दगड. दुकानाच्या मालकांनी उस्तादांना ओळखलं, स्टूल दिलं आणि दगड कशासाठी हवा म्हणून साधा प्रश्न विचारला. उस्तादांना तो अपमान वाटला. म्हणाले, "माझ्यासाठी." अवजारवाल्यांनी मग अदबीनं दुकानातला सगळ्यांत मोठा दगड पुढे ठेवला. उस्तादांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, टिचकी मारली, वास घेतला. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघत होती. वास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग मान डोलावली.

तो सुताराच्या रंध्याची पाती घासायचा दगड होता. वहिनींनी बोटाचं टोक ओलं करून त्यावरून एकदा फिरवलं आणि त्यांना ते कळलं. उस्तादांनी विचारलं, कसा आहे? वहिनी म्हणाल्या, "छान आहे. गॅलरीतल्या कपड्यांवर ठेवला तर वाऱ्यानं उडायचे नाहीत."

उस्ताद चिडले आणि दुपारी स्वतः दगडावर बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची झोप मोडली. भाकरी थापावी तशा आवाजात ते अर्धा तास घासत होते. वहिनी पलंगावर पडून ऐकत होत्या. बरं वाटत होतं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. मधेच उठून त्यांनी एकच गोष्ट केली. सहापैकी एक वस्तरा, जो सगळ्यांत पातळ पात्याचा होता, तो धोकटीतून काढून चहाच्या डब्यामागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक न्यायाधीश होते. मी खुर्चीत वाट पाहत बसलो होतो, आणि वस्तऱ्याचा तसा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. न्यायाधीशांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "उस्ताद, आज जरा ओढतंय." उस्तादांनी वस्तरा थांबवला, त्यांच्या गालाकडे चिंतेनं पाहिलं आणि म्हणाले की वस्तरा तोच आहे, केस बदललाय. असा राठपणा एकदम येत नाही. या वयात एकदा तब्येत दाखवून घेतलेली बरी.

न्यायाधीशांनी खरंच रक्त तपासून घेतलं. थायरॉइड, साखर, लोह, सगळं. रिपोर्ट चांगले आले तेव्हा ते घाबरले, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले.

त्या आठवड्यात उस्तादांनी गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या तब्येतीबद्दल शंका उपस्थित केली. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी पाणी बदललंत का म्हणून विचारलं. शाळेच्या शिपायाला मनावर ताण आहे का विचारलं. शिपाई म्हणाला, दाढीपुरता आहे. माझ्या हनुवटीला दोन ठिकाणी तुरटी लावावी लागली, आणि मला सांगण्यात आलं की भिंग लावून काम करणाऱ्यांची कातडी सैल पडते.

दुसरा दगड पहिल्याच्या अगदी उलट निघाला. आरशासारखा गुळगुळीत, दुधी, लाकडी पेटीत बसवलेला. त्यावर मोठा नंबर छापला होता आणि उस्तादांनी तो नंबर पाहूनच घेतला; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. इतका बारीक दगड शेवटचा हात द्यायला असतो. आधी बिघडलेली धार त्यावर सुधारत नाही, फक्त चकाकते. वस्तरे चकाकले. न्यायाधीशांचा गाल तसाच सोलला गेला, फक्त या वेळी त्यांना वस्तऱ्यात स्वतःचा चेहरा दिसत होता. तिसरा दगड त्यांनी मोबाइलवर एका दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ पाहून मागवला. दाढीवाल्याकडून दाढीची धार शिकणं मला जरा विचित्र वाटलं, पण मी बोललो नाही. तो दगड सपाटच नव्हता. ओट्यावर ठेवला की डुगडुगायचा.

याच सुमारास एका दुपारी उस्ताद माझ्या दुकानात आले, दार लोटून घेतलं आणि वस्तरा माझ्यापुढे ठेवला. तुमच्या भिंगातून बघा, म्हणाले. मी भिंग डोळ्याला लावलं. धार कसली, उंदरानं कुरतडलेलं बिस्किट होतं ते. मी बघत राहिलो तेवढा वेळ उस्ताद माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी म्हणालो, "तशी ठीक वाटते." ते मोठ्या समाधानानं गेले. ती माझी चूक झाली. त्यानंतर आणखी दहा दिवस मला त्याच धारेनं दाढी करून घ्यावी लागली.

बाकीच्यांनी तसली चूक केली नाही. ते हळूच कारागिराच्या खुर्चीकडे वळले. कुणी म्हणायचं, आज घाईत आहे. कुणी म्हणायचं, उस्तादांना कशाला त्रास. कारागीर काही न बोलता पत्ती घालायचा. उस्ताद मधल्या खुर्चीशी उभे राहून पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहायचे, आणि बोलायचे. पण आता ऐकणारा मान हलवू शकत होता.

इकडे अवजारवाल्यांचा वेगळाच समज झाला होता. महिनाभरात दोन दगड त्यांच्याकडून आणि तिसरा परगावाहून, म्हणजे उस्तादांचा काहीतरी मोठा अभ्यास चालला असणार. ते स्वतः दुकानात आले आणि त्यांनी विनंती केली की येत्या सोमवारी सकाळी आमच्याकडे या, शहरातले सगळे व्यवसायबंधू बोलावतो, तुम्ही फक्त दगड कसा निवडायचा ते दाखवा. हो म्हणायला उस्तादांना दोन क्षण लागले. तेवढ्यात खुर्चीतल्या न्यायाधीशांनीच हो म्हणून टाकलं. दोन दिवसांत अवजारांच्या दुकानाबाहेर फलक लागला: उस्ताद दगड निवडतात. सोमवार, सकाळी दहा. चहाची सोय.

रविवारी दुपारी जेवताना उस्ताद वहिनींना म्हणाले, "उद्या येशील का बरोबर?"

"कशाला?"

"अशीच. बरीच माणसं असतील."

"मग मी कशाला हवी? माणसं असली की तुम्हांला आणखी काय लागतं?"

उस्तादांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "मला दगडातलं काही कळत नाही."

वहिनी सांगतात, हे वाक्य त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही घास तोंडात असताना. म्हणून त्या म्हणाल्या, "नीट ऐकू नाही आलं." उस्तादांनी घास गिळला आणि पुन्हा म्हटलं. वहिनींनी त्यांना आमटी वाढली.

ठरलं ते असं. वहिनी पहिल्या रांगेत बसतील. उस्तादांनी एकेक दगड हातात घ्यायचा आणि बोलायचं. दगड बरा असेल तर वहिनी पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घेतील. वाईट असेल तर काहीच करणार नाहीत. आणि धार लावून दाखवायची वेळ येऊ द्यायची नाही, नंतर कधीतरी म्हणायचं.

सोमवारी पस्तीस-चाळीस माणसं जमली. बहुतेक दुकानदार, कारागीर, काही उस्तादांची जुनी गिऱ्हाइकं. न्यायाधीश अध्यक्ष असल्यासारखे मध्ये बसले होते. टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर अकरा दगड. वहिनींनी बसल्या बसल्या दोन मिनिटांत अकराही डोळ्यांखालून घातले. त्यातले दोन त्यांना पसंत पडले, एक मध्यम आणि एक बारीक.

सुरुवात ठीक झाली. उस्तादांनी पहिला दगड उचलला, वहिनींकडे पाहिलं, पर्स डावीकडेच होती, दगड खाली ठेवला. "हा अजून अपरिपक्व आहे," म्हणाले. लोकांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसराही तसाच गेला. पण तिसऱ्या दगडाच्या वेळी कुणीतरी वा म्हटलं, आणि उस्तादांना ते कानात गेलेलं मी पाहिलं. मग ते वहिनींकडे बघेनासे झाले. आवाज चढला. दगड माणूस ओळखतो हे आलं, घाईच्या माणसाचं आलं. पाचवा दगड मध्यम होता, नेमका हवा तो. वहिनींनी पर्स उजव्या हातात घेतली. उस्तादांनी दगड बाजूला ठेवून दिला. वहिनींनी पर्स परत डाव्या हातात घेऊन पुन्हा उजव्या हातात घेतली. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं, काही हरवलंय का? तोवर उस्ताद नवव्या दगडापाशी पोचले होते. काळा, चमकदार, सगळ्यांत जड. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, वास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "हा."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक अगदी म्हातारे कारागीर उभे राहिले. कमरेत वाकलेले, डोक्याला टोपी, दुकान कधीच बंद केलेले. ते म्हणाले, "लावून दाखवा."

उस्ताद म्हणाले, नंतर कधीतरी. म्हातारे म्हणाले, माझ्या वयाच्या माणसाला नंतर कधीतरी जमत नाही. माणसं हसली. धोकटी जवळच होती, तेव्हा उस्तादांनी एक वस्तरा काढला, दगडावर पाणी शिंपडलं आणि घासायला लागले. गेले पाच आठवडे घरी सराव केल्यानं त्यांच्या हालचालीत आत्मविश्वास होता. म्हातारे पुढे येऊन बघत उभे राहिले. त्यांनी दात दुखल्यासारखा एक डोळा बारीक केला.

"अहो, पाठ उचलू नका," वहिनी म्हणाल्या.

अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, पण दुकान शांत होतं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली राहायला हवीत, एवढी ही पहिल्या दिवसाची गोष्ट. उस्तादांनी पाठ टेकवली. चार हात झाले की पुन्हा उचलली गेली. वहिनी उठल्या. त्यांनी पर्स उस्तादांच्या हातात दिली आणि वस्तरा आपल्या हातात घेतला.

त्यांनी काळा दगड उचलून काचकपाटाच्या कडेला ठेवला. पाचवा आणि दहावा जवळ ओढले. मग अवजारवाल्यांना म्हणाल्या, एक काचेचा तुकडा द्या, बारीक सँडपेपर द्या, आणि पेन्सिल. पेन्सिलीनं त्यांनी दगडावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, सँडपेपर काचेवर ओला करून पसरला आणि दगड त्यावर पालथा घालून घासू लागल्या. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या राहिल्या. म्हणजे नवा कोरा दगडही मध्ये खोलगट होता. मधल्या रेघा जाईपर्यंत त्या घासत होत्या. हे वीस मिनिटं चाललं आणि कुणी उठलं नाही. चहा आला तो गार झाला.

उठले नाहीत याचं एक कारण असं की उस्ताद बोलत होते. सुरुवातीला क्षणभर ते पर्स धरून नुसते उभे होते, आणि मला त्यांची दया आली. पण ते सावरले. "आता नीट बघा," ते लोकांना म्हणाले, "आधी दगडच सपाट करायचा. हे आमच्या घरात मी फार पूर्वीपासून पाळत आलोय." आणि मग वहिनींच्या प्रत्येक हालचालीवर ते अर्ध्या सेकंदानं मागे राहून बोलत गेले. त्या पाणी घालत, ते पाण्याचं महत्त्व सांगत. त्या बोट उचलत, ते म्हणत आता बोट उचला. लोक पुन्हा वह्या काढून लिहायला लागले. न्यायाधीश शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "बायकोला किती छान तयार केलंय."

वहिनींनी वर पाहिलं नाही. कुरतडलेली धार मध्यम दगडावर हळूहळू सरळ होत गेली, मग बारीक दगडावर, मग पट्ट्यावर. आवाज बदलत गेला तो मलाही कळला. शेवटी तर आवाजच उरला नव्हता. त्यांनी वस्तरा पुसला आणि उस्तादांकडे न देता म्हाताऱ्यांकडे दिला.

म्हाताऱ्यांनी बाही वर केली, मनगटाजवळचे केस वस्तऱ्याच्या नुसत्या स्पर्शानं झडलेले पाहिले आणि वस्तरा मिटला. मग वहिनींना विचारलं, "वडील कोण तुमचे?"

वहिनींनी सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. तरुणपणी आपले वस्तरे तिकडेच जायचे, म्हणाले, ही धार मी विसरलो नाही. "राखाडी दगड होता त्यांचा. हिरवट. कुठे आहे तो?"

"ह्यांनी पाडला," वहिनी म्हणाल्या.

चाळीस माणसांनी उस्तादांकडे पाहिलं. ते पर्स धरून उभे होते. त्या सकाळी ते पहिल्यांदाच गप्प झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिले म्हणा ना, कारण घरी जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्या मागून चालत होतो. पर्स त्यांच्याच हातात होती, परत द्यायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि वहिनींनीही मागितली नव्हती.

मला वाटलं, आता हा माणूस आठ दिवस तोंड दाखवणार नाही. मंगळवारी दहा वाजता ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की बायकोला पुढे आणायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. किती वर्षं पडद्यामागे ठेवायचं? शेवटी आपणच पुढाकार घ्यावा लागतो. न्यायाधीशांना हे इतकं पटलं की त्यांनी वाचनालयात उस्तादांचा छोटासा सत्कार ठेवला. नारळाएवढा गुच्छ दिला आणि भाषणात असं सांगितलं की पत्नीच्या गुणांना वाव देणारे असे मोठ्या मनाचे पुरुष आता फार राहिले नाहीत. वहिनींसाठी खुर्ची दुसऱ्या रांगेत ठेवली होती. त्या आल्या नव्हत्या म्हणून बरं. त्या वेळी त्या अवजारांच्या दुकानात होत्या.

अवजारवाल्यांनी डाव्या हाताच्या कपाटापाशी त्यांना टेबल दिलं होतं. शहरातून वस्तरे यायला लागले, केशकर्तनालयांतले, हौशी माणसांचे, आजोबांच्या पेटीत सापडलेले गंजके. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. उस्तादांचे वस्तरेही तिथेच येतात, त्यांनाही चिठ्ठी. त्यांनी एकदा ओळीबाहेर नंबर लावून मागितला तेव्हा वहिनींनी त्यांना, बाकीच्यांना विचारतात तसं, "नाव काय लिहू?" असं विचारलं.

वस्तरे पोचवायला आणि आणायला कारागीर जायचा. तो न बोलता टेबलापाशी उभा राहायचा, आणि वहिनींना न बोलणारा माणूस एकतीस वर्षांनी भेटल्यामुळे त्यांनी त्याला एक दिवस बसवून घेतलं. दोन महिन्यांत तो पत्ती सोडून अखंड वस्तऱ्यावर आला. मी आता त्याच्याच खुर्चीत बसतो. न्यायाधीशही तिथेच बसतात, आणि त्यांचे केस पूर्वीसारखे मऊ झाले याचं श्रेय ते कुठल्याशा गोळ्यांना देतात.

मग उस्तादांनीही शिकायचं ठरवलं. वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी त्यांना स्वयंपाकघरातली भाजीची सुरी दिली आणि रंध्याचा तो जड दगड दिला. रोज दुपारी दोन ते चार. आता ते खरंच दगडावर असतात. गिऱ्हाइकांना ते सांगतात की वस्तऱ्यातलं सगळं करून झालं, सध्या सुरीवर संशोधन चालू आहे, लोक सुरीला फार हलकं समजतात.

याला आता आठ महिने झाले. परवा मी माझी कात्री घेऊन वहिनींच्या टेबलाशी गेलो होतो, माझा नंबर सतरावा होता. बोलता बोलता विचारलं, उस्तादांना वस्तरा हातात कधी देणार?

त्यांनी माझी कात्री उजेडात धरून दोन्ही पाती पाहिली.

"टोमॅटो अजून चेंगरतोय," त्या म्हणाल्या. "नीट चिरला गेला की बघू."